जस्ताचा शेतकरी

आमच्या दैनिकाच्या कचेरीत, फोरमनच्या टेबलाच्या डाव्या खणात, एक मुख्यमंत्री, काही माजी मुख्यमंत्री, एक गणपती, एक बैलजोडी, निरांजन हातात घेतलेली एक बाई आणि एक शेतकरी अशी मंडळी एकमेकांच्या अंगावर पडून राहत असत. कुणाची तक्रार नसे. माजी मुख्यमंत्री वाढत गेले तशी खणात दाटी झाली, पण शेतकरी शेवटपर्यंत एकच राहिला. आणि या एकट्या शेतकऱ्यापायी एका चांगल्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. ते मोडलं असतं तर मी आज हे असं मिटक्या मारत सांगायला बसले नसते.

ही मंडळी जस्ताची होती. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय अजून लागायचा होता आणि आमचं परभणीचं दैनिक अजून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलं जात होतं. बी. ए. झाल्यावर मी तिथं मुद्रितं वाचायला लागले. फोटो छापणं म्हणजे तेव्हा एक सोहळाच. फोटो एसटीनं औरंगाबादला पाठवायचा, तिथल्या कारागिरानं तो ठिपक्याठिपक्यांनी जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा आणि तो ब्लॉक परत एसटीनं यायचा. तोवर बातमी शिळी होऊन तिला वास सुटलेला असे. म्हणून एकदा आलेला ब्लॉक आम्ही घरच्या भांड्यासारखा जपायचो आणि पुन्हा पुन्हा वापरायचो.

आमच्या संपादकांना सगळे अण्णा म्हणत. शब्दांच्या बाबतीत हा माणूस लोखंडाचा. त्या दिवसांत नामांतरावरून गावोगावच्या हवेत ताण असे. एखाद्या बातमीत ‘लोक’ लिहायचं की ‘जमाव’ यावर अण्णा चहा गार होईपर्यंत विचार करत. “एका शब्दानं बस जळते, बाई,” ते मला म्हणत. पण चित्राच्या बाबतीत त्यांचा सगळा कडकपणा विरघळून जाई. चित्र म्हणजे त्यांच्या लेखी दारावरचं तोरण. “बातमीला चेहरा पाहिजे,” म्हणायचे आणि खणाकडे बोट दाखवायचे. शेतीची बातमी आली की शेतकऱ्याचा ब्लॉक. केळीचं पीक चांगलं आलं, शेतकरी. कापसावर अळी पडली, तोच शेतकरी. खाली कधी नाव नसायचं, फक्त ‘प्रगतिशील शेतकरी’ एवढीच अक्षरं.

तर हा शेतकरी म्हणजे पेडगावचा एक मेंढपाळ. थोडीशी कोरडवाहू जमीन आणि एक कळप, एवढाच त्याचा संसार. कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात त्याच्या मेंढ्याचा पहिला नंबर आला, फोटोग्राफरनं दोघांचा एकत्र फोटो काढला, अण्णांनी हौसेनं ब्लॉक करायला पाठवला. औरंगाबादच्या कारागिराला एका कॉलमात दोघं बसेनात. त्यानं मेंढा कापला.

अंक निघाल्यावर मेंढपाळ थेट कचेरीत हजर. डोक्याला पटका, भुवयांपर्यंत आलेल्या सुरकुत्या, सतत उन्हात लांब बघितल्यामुळे बारीक झालेले डोळे. कुणी काही बोलायच्या आत त्यानं अंक टेबलावर ठेवला.

“नंबर मेंढ्याचा आला अन् फोटो माझा कामून?”

अण्णा हसून हसून बेजार झाले. चहा आला. त्या दिवसापासून तो आम्हा सगळ्यांचा मामा झाला. त्याला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा चेहरा ओळखता येत होता. बाजाराला परभणीत आला की कचेरीत डोकवायचा, पटका सैल करून बाकावर बसायचा आणि मला विचारायचा, “सांगा बाई, या आठवड्यात काय पिकवलं म्या?”

मी अंक उघडून मोठ्या आवाजात वाचायची. “मामा, केळी. ठिबकवर केळी पिकवलीत.”

“बरं झालं बाप्पा. मागल्या आठवड्यात कापूस पिकवून पाठ लय दुखायली होती.”

“आणि विहिरीला पाणीही लागलंय तुमच्या.”

“लागलं? मग आमची बायको अजून हापशावर कामून जायलीय?”

यंत्रावरची माणसंसुद्धा काम थांबवून ऐकायची. फोरमनना सगळे उस्ताद म्हणायचे. ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, “मामा, अगले हफ्ते द्राक्ष करते क्या?” आणि मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, “न्हाई उस्ताद, द्राक्षाला राखण लय लागते.”

एका बाजाराच्या दिवशी मामा आला आणि बसलाच नाही. काय पिकवलं हेही विचारलं नाही. दस्तीनं तोंड पुसत तो अण्णांच्या टेबलाशी उभा राहिला.

“अण्णा, तुमच्या पेपरानं माझ्या पोरीचं वाटोळं व्हायलंय.”

गोष्ट अशी होती. मामाच्या थोरल्या मुलीला झरीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शेती बघायचा आणि गावातली पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा. मुलगी पसंत होती, मुलाकडच्यांना घरही पसंत होतं. मुलाचे वडील झरीत वजनदार माणूस. रोज सकाळी पारावर बसून आमचा पेपर चार लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मामाला पाहताच त्यांनी ओळखलं. हेच ते प्रगतिशील शेतकरी! त्यांना आभाळ ठेंगणं झालं. निघताना त्यांनी केळीचा मळा बघायला मागितला.

“म्या म्हणलं, मळा न्हाई. थोडी कोरडवाहू हाय अन् मेंढरं हायत. तर ते हसले. म्हणले, आमाला सगळं ठाऊक हाय. म्या म्हणलं, तो फोटो माझा हाय पण केळी माझी न्हाई. तर गप झाले. मग बाहेर जाऊन मधल्या माणसाला म्हणले, हा माणूस सोयऱ्याला मळा लपवायलाय. उद्या पोरीचं काय काय लपवंल? खोटं बोलणाऱ्या घरात मी सोयरीक करणार न्हाई.”

“पण तुम्ही तर खरं सांगितलंत, मामा,” मी म्हणाले.

“तेच तर! ते म्हणतेत, छापलंय की.”

अण्णा उठून उभे राहिले. आता त्यांना सूर सापडला होता. “मी उद्याच खुलासा छापतो!” त्यांनी कागद ओढला आणि झरझर लिहायला लागले, मोठ्यानं म्हणत, “आमच्या अंकात वेळोवेळी प्रसिद्ध झालेले छायाचित्र हे संबंधित बागाईतदाराचे नसून पेडगाव येथील...”

मामानं दोन्ही हातांनी कागद धरला. “न्हाई! अण्णा, पाया पडतो, खुलासा नको!”

“का बुवा? खरं तेच छापतोय.”

“आमच्या शेजारच्या गावात एकाचा खुलासा आला होता. ‘माझ्या मुलाशी माझा काही संबंध नाही.’ दुसऱ्याचा आला, ‘या जमिनीचा व्यवहार कुणी करू नये.’ खुलासा कोणाचा येतो? लबाडाचा येतो. माझ्या नावानं खुलासा आला तर हे लगीन तर जाईलच, धाकटीचं बी जमणार न्हाई.”

अण्णांनी लेखणीला टोपण लावलं. आयुष्यभर ज्या शब्दावर त्यांची श्रद्धा होती, तो शब्द पेडगावात लबाडाच्या कपाळावरचा डाग होता. मराठी त्यांना मुखोद्गत होती, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

झरीची मंडळी शेवटचं काय ते सांगायला पुन्हा पेडगावला यायची होती. नकार द्यायलाच येणार होती, पण रीतीनं. मी अण्णांना म्हणाले, मी जाते. बाई माणूस असेल तर घरातल्या बायकांशीही बोलता येईल. आणि मला एक गोष्ट हवी होती. ती गोष्ट उस्तादांच्या खणात होती.

“ब्लॉक बाहर नहीं जाता,” उस्ताद म्हणाले. “ये क्या लाइब्ररी है?”

“उस्ताद, पोरगी के लगीन का सवाल हाय,” मी माझ्या अघोर हिंदीत म्हणाले.

माझं हिंदी ऐकून त्यांनी कानावर हात ठेवले आणि मग खणही उघडला. ब्लॉक वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, शाईची डबी दिली, शाई फिरवायचा छोटा रूळ दिला. “साडी को शाई लगी तो मेरे पास मत आना, बाई. जाती नहीं वो.”

पेडगावला उतरले तेव्हा पाहुणे यायचे होते. मामी चुलीपुढं बसून रडू आवरत होती. मुलगी भाकरी थापत होती, तिचे हात मात्र अजिबात थांबत नव्हते. मी शेजारी बसले.

“तुला हवाय का हा मुलगा?” मी हळूच विचारलं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. “ताई, आजपत्तर चार जण बघून गेले. समद्यांनी इचारलं, सैपाक येतो का. ह्यानं इचारलं, मेंढरू अडलं तर कोकरू सोडवता येतं का.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हणलं, येतं. तर म्हणला, मला इंजिनाचं येतं, कोकराचं न्हाई येत, भ्या वाटतं.” ती हसली आणि लगेच तोंड पदरात दाबलं, कारण आई रडत होती. “खरं बोलला ना ताई? बाप्यानं भ्या वाटतं म्हणलेलं म्या पहिल्यांदा ऐकलं.”

तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचे वडील पुढं, धोतर कडक, काखेत घडी घातलेला आमचाच अंक. मामा त्यांच्यासमोर वर्गात उभा केलेल्या पोरासारखा. पाणी झालं. चहा झाला. आता ते बोलणार एवढ्यात मी ओटीवर येऊन बसले आणि पिशवीतून ब्लॉक काढला.

आता मी कबूल करते, मला असा मंच फार आवडतो. मी घाईच केली नाही. डबी उघडली. रुळावर शाई घेतली. जस्तावर फिरवली. कोरा कागद चौरंगावर पसरला, ब्लॉक उलटा ठेवला, तळहातानं जोर दिला आणि उचलला. मामाचा चेहरा.

“हे केळीवाले,” मी म्हणाले.

पुन्हा शाई, पुन्हा जोर. “हे कापूसवाले.”

पुन्हा. “हे विहिरीला पाणी लागलेले.” पुन्हा. “हे उसाच्या परिसंवादाला टाळ्या वाजवणारे.”

पोरं गोळा झाली. एकाच पटक्याचे चार मामा कागदावरून बघत होते. मामी आतून डोकावली आणि म्हणाली, “आता गं माय, एकटा सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेत, ही चार झाली!” ओटीवर हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त मुलाचे वडील. त्यांनी हात पुढं केला. “बघू.”

ब्लॉक त्यांनी वजन केल्यासारखा तळव्यावर धरला. मग स्वतः रूळ फिरवला, स्वतः दाबला. जोर कमी पडला म्हणून एक डोळा उमटला नाही. त्या एकडोळ्या मामावरून त्यांनी बोट फिरवलं.

“म्हणजे हे असं करता तुमी?” ते मला म्हणाले.

“फोटो करायला वेळ लागतो म्हणून. बातम्या खऱ्या असतात, काका. केळी खरी आहे. ती दुसऱ्या गावच्या दुसऱ्या माणसाची आहे.”

“मी रोज पारावर वाचतो,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. “चार माणसं ऐकायला बसतेत. ह्या फोटोवर बोट ठिवून मी त्यांना सांगितलं, बघा, कष्ट केल्यावर माणूस कुठल्या कुठं जातो. समद्या झरीला सांगून बसलोय, ह्यांची पोर माझ्या घरात येणार.”

मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं. मी मोठ्या नाटकानं तिथं गेले होते आणि माझ्यासमोर एक विश्वास ठेवणारा माणूस शाईनं काळे झालेले हात घेऊन बसला होता.

मामा म्हणाला, “सोयरे, म्या तुमाला पहिल्याच दिशी सांगितलं होतं.”

“व्हय, सांगितलं होतं.” त्यांनी मान हलवली. “इतकं सरळ कुणी सांगतं का? म्हणून तर खोटं वाटलं.” मग एकदम माझ्याकडं वळले. “हे पेपरात येणार का?”

“नाही.”

“खुलासा बिलासा?”

“नाही, काका.”

त्यांनी मोठा श्वास घेतला. मामाकडं डोळे बारीक करून बघितलं. “मेंढरं तरी तुमची हायत का, का ती बी छापलेली?”

मामाच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी मूळचं हसू आलं. “चला की, दाखवतो.”

दोघं मेंढरांच्या वाड्याकडं निघाले, आणि मागून मुलगा. दरवाज्यातून जाताना त्यानं आतल्या खोलीकडं असं काही बघितलं की मामीनं डोळे पुसले आणि चुलीवर पुन्हा चहाचं पातेलं चढवलं. ते परत आले तेव्हा पाहुण्यांच्या धोतराला कोकराच्या खुरांची माती लागली होती आणि ते मामाला मेंढ्यांच्या खुरांच्या रोगाबद्दल इतकं बारकाईनं विचारत होते की सुपारी फोडायची आठवण मुलाला करून द्यावी लागली.

ब्लॉक मी परत केला. अण्णांनी तो पुन्हा वापरला नाही. शेतीच्या बातम्या त्यानंतर बिनचेहऱ्याच्या येऊ लागल्या. आणि मग थोड्याच महिन्यांत संगणक आला.

संगणक येताना नवरदेवासारखा आला. त्याला वेगळी खोली, खोलीला कूलर, कूलरला हार. चपला बाहेर. उस्ताद उंबऱ्यावर उभे राहून आत बघत राहिले, आत मात्र आले नाहीत. पुढं तेही शिकले आणि आमच्यापेक्षा बरे शिकले, पण त्या दिवशी ते बाहेर थांबले हे मला दिसलं. ओल्या शाईच्या मुद्रितावर मी चुका दुरुस्त करायची तेव्हा समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा राहायच्या. पडद्यावर चूक दुरुस्त झाली की ती कधी होती याचा मागमूस उरत नाही. मला ते फार दिवस चोरीसारखं वाटत राहिलं.

नव्या ऑफसेट छपाईवर फोटो हवा त्याचा छापता येऊ लागला. वाढदिवस, निवड, सत्कार, जो तो स्वतःचा चेहरा घेऊन दारात. विद्यापीठाचे जनसंपर्काचे साहेब पूर्वी स्कूटरवरून प्रेसनोट घेऊन यायचे, चहा प्यायचे, एखादा शब्द अण्णांशी भांडून बदलून घ्यायचे. फॅक्स आल्यावर नोट यायची, साहेब येईनासे झाले. आता तर माझ्या हातातल्या फोनवर सकाळपासून चेहरेच चेहरे येतात. पूर एका राज्यातला, रडणारी बाई दुसऱ्या राज्यातली, आणि खाली लिहिलेलं तिसरंच. पुतण्या मला सांगतो, आत्या, ही नव्या जमान्याची फसवणूक आहे. मी मनात म्हणते, बाळा, आमच्याकडं हे टेबलाच्या डाव्या खणात होतं. फरक एकच वाटतो. आमचा चेहरा बाजाराच्या दिवशी चालत कचेरीत यायचा, बाकावर बसायचा आणि विचारायचा की या आठवड्यात माझ्या नावावर काय केलंत. फोनमधली ती बाई कुणाला विचारायला जाणार?

लग्नाचं सांगायचं राहिलंच, ते उन्हाळ्यात पेडगावला झालं. अण्णा आले, उस्ताद आले, मी मुलीच्या शेजारी करवली म्हणून मिरवले. झरीहून ट्रॅक्टर भरून वऱ्हाड आलं. आणि ज्याची मला भीती होती तेच झालं. पारावर बसून रोज पेपर ऐकणारी माणसं वऱ्हाडात होती. मंडपात टेकतात न टेकतात तोच त्यातला एक पागोटेवाला मोठ्यानं म्हणाला, “अहो यजमान, तुमचा तो केळीचा मळा कुठं हाय? बघून तरी घेऊ.”

मंडपातल्या माना मामाकडं वळल्या. मामानं तोंड उघडलं. आता हा सज्जन माणूस सगळं खरं सांगणार, हे मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. मुलीची बोटं माझ्या मनगटात रुतली.

पण झरीचे सोयरे त्याच्याही आधी उठले. “केळी मोडली!” ते गरजले. “व्यायांनी केळी काढून टाकली. पाणी लय खाते ती. मी सोता सांगितलं त्यांना, मेंढरावर ध्यान द्या. मेंढरासारखं उत्पन्न न्हाई! माझ्या डोळ्यानं बघितलंय, एकेक मेंढा असा, हत्तीसारखा!” त्यांचे हात हवेत असे काही पसरले की मीसुद्धा थक्क झाले. कुठल्याही ब्लॉकमेकरला इतका मोठा मेंढा करता आला नसता.

पागोटेवाला प्रभावित होऊन मान डोलवू लागला. अण्णा जमिनीकडं बघत होते. शब्दांच्या बाबतीत कडक असलेला तो माणूस हसू दाबताना लालबुंद झाला होता. मामा मात्र अजूनही तोंड उघडं ठेवून उभा. त्याला ते सहनच होत नव्हतं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

मुंडावळ्यांच्या आडून मुलगी हळूच, पण ठाम आवाजात म्हणाली, “आबा, पाव्हण्यांना पाणी द्या.”

मामानं तिच्याकडं बघितलं, मग व्याह्यांकडं बघितलं, आणि तोंड मिटलं. पटका सारखा करून तो तांब्या आणायला वळला. माझ्या मनगटावरची बोटं सैल झाली.